काजळी आणि राख : डिझेल मोटारीच्या गाळणीची दुखणी

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि त्यांच्याबरोबर डिझेल मोटारींत एक नवे उपकरण सरसकट येऊन बसले. त्याचे नाव डीपीएफ. म्हणजे धुरातील काजळी अडविणारी गाळणी. आधीच्या बीएस-४ नियमांत डिझेलच्या प्रवासी मोटारीला दर किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. गाळणी आली, म्हणजे ती तुंबणेही आलेच. अशा वेळी मालकाला बहुधा दोनच सल्ले मिळतात : ‘नवी बसवा’ किंवा ‘काढून टाका’. पहिला खिशाला परवडत नाही, दुसरा समाजाला. या दोहोंमधला मार्ग कोणता, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम गाळणीची रचना पाहू. मधाच्या पोळ्याप्रमाणे शेकडो बारीक नळ्या असलेला हा चिनीमातीसारख्या पदार्थाचा ठोकळा असतो. एक नळी पुढून उघडी व मागून बंद, तर तिच्या शेजारची नेमकी उलट. त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावे लागते. काजळी मागे राहते.

ही काजळी जाळून टाकण्याची सोय मोटारीतच असते. परंतु काजळी जळावयास सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि शहरातील संथ रहदारीत धूर इतका तापत नाही. म्हणून बहुतेक मोटारींत संगणक योग्य वेळी थोडे जादा डिझेल सोडतो. ते गाळणीच्या अलीकडे जळते, उष्णता वाढते आणि काजळी नाहीशी होते. या क्रियेला रिजनरेशन म्हणतात. तिला दहा ते वीस मिनिटे सलग चालना हवी. घर ते कचेरी तीन किलोमीटर, मध्ये चार सिग्नल, असा ज्याचा नित्यक्रम, त्याच्या मोटारीत ही क्रिया दरवेळी अर्धवट सुटते. शिवाय न जळलेले डिझेल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसली, तर आनंद मानू नये. ते ऑइल पातळ झाले आहे, लगेच बदलावे.

आता काजळी आणि राख यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. चुलीत लाकूड जळते, पण उरलेली राख पुन्हा पेटत नाही. गाळणीचेही तसेच. काजळी डिझेलची, ती जळते. राख मुख्यतः ऑइलमधील रासायनिक द्रव्यांची; ती कितीही तापविली तरी तेथेच राहते. म्हणून अशा मोटारीला कमी राख करणारे, उत्पादकाने सांगितलेलेच ऑइल घालावे.

दिवा लागला की निदानाचा क्रम असा ठेवावा. स्कॅनर लावून गाळणीच्या पुढील व मागील दाबांतील फरक पाहावा. इंजिन बंद, चावी मात्र चालू, अशा स्थितीत हा आकडा शून्याजवळ हवा. तसा नसेल तर दोष गाळणीचा नसून सेन्सरचा असण्याचा संभव आहे. सेन्सरला जाणाऱ्या दोन बारीक नळ्या फुटल्या वा बुजल्या आहेत काय, हेही तपासावे. स्वस्तातला दोष आधी शोधावा हा शहाणपणा.

नळ्या व सेन्सर ठीक असतील, तर काजळी एवढी का साचली हे विचारावे. थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि रिजनरेशन सुरूच होत नाही. टाकीत डिझेल फार कमी असले तरी अनेक मोटारी ते टाळतात. गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, टर्बोची फाटलेली हवेची नळी हे काजळी वाढविणारे नेहमीचे अपराधी होत. मूळ दोष न काढता बसविलेली नवी गाळणीही लवकरच तुंबते.

उपाय दोषाच्या पायरीप्रमाणे करावा. नुसता दिवा लागला असेल तर मोकळ्या महामार्गावर वीस-तीस मिनिटे एकसारख्या वेगाने मोटार चालवावी. इंजिनची ताकद कमी झाली असेल तर गॅरेजमध्ये स्कॅनरद्वारे रिजनरेशन करवावे. ते उघड्यावर, वाळल्या गवतापासून दूर. काजळी उत्पादकाच्या मर्यादेपलीकडे गेली असेल तर मात्र हा प्रयोग करू नये. एकदम पेटलेल्या काजळीने गाळणी तडकते वा वितळते. तेव्हा, आणि राख साचली असतानाही, गाळणी उतरवून यंत्राने स्वच्छ करवावी.

राहिला प्रश्न गाळणी काढून टाकण्याचा. मोटारीत असा फेरफार कायद्याला मान्य नाही, हे तर झालेच. परंतु २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली, हे अधिक महत्त्वाचे. काढलेल्या गाळणीचे पैसे मालकाचे वाचतात. पण तिने अडविली असती ती काजळी मागच्या दुचाकीस्वाराच्या आणि शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांच्या छातीत जाते. ज्यांची मोटार रोज दोन-तीन किलोमीटरच धावते, त्यांनी पुढची मोटार घेताना डिझेलचा मोह सोडावा, हेच आमचे सांगणे आहे.