बोलावून आणलेला घुसखोर

भिलाईचे नाव घेतले की प्रथम पोलाद आठवते. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि हावडा-नागपूर लोहमार्गावरचे हे ठिकाण पाहता पाहता एक मोठे नगर बनले. यंत्र बिघडणे आणि ते दुरुस्त करणे ही गोष्ट अशा नगराला नवी नाही. मोठ्या कारखान्यातील दुरुस्तीला एक ठरलेला क्रम असतो. प्रथम यंत्राचा पुरवठा तोडावयाचा, मग बिघाड कोठे आहे ते शोधावयाचे, मग तो काढावयाचा आणि शेवटी यंत्र चालवून पाहिल्यावाचून ते पुन्हा कामास लावावयाचे नाही.

कारखान्यातील हा धडा घरातल्या संगणकालाही लागू पडतो. संगणकाचा एक बिघाड तर या क्रमावाचून बरा होतच नाही. घर भिलाईच्या एखाद्या सेक्टरातले असो की बार्शीच्या पेठेतले, लक्षणे तीच. इंटरनेट पाहण्यासाठी ब्राउझर उघडावा, तर नेहमीच्या पानाऐवजी कधी न पाहिलेले एक शोधपान पुढे येते. रेल्वेचे वेळापत्रक शोधावे, तर जाहिरातींची रांग लागते. मुखपृष्ठ पूर्ववत करावे, तर संगणक पुन्हा सुरू करताच तेच परके पान हजर होते. याला ब्राउझरचे अपहरण म्हणतात.

घरातील माणसे म्हणतात, ‘संगणक बिघडला.’ वस्तुतः संगणकाचा एकही भाग बिघडलेला नसतो. अपहरण करणाऱ्याला तो बंद पडून चालणारच नाही. त्याचा सारा धंदा संगणक चालू राहण्यावर आहे. शोधपानावर जाहिरात दिसली, कोणी तिच्यावर बोट दाबले, की जाहिरातदाराकडून कोणाला तरी पैसे मिळतात. हा वाटा आपल्याकडे वळावा म्हणून वाटसरूंची वाटच वळवावयाची, एवढीच यातील युक्ती. जुन्या काळी रस्त्यावरची पाटी फिरवून प्रवाशाला आडवाटेला नेणारे भामटे असत; हे त्यांचेच वंशज होत.

या धंद्याचा व्याप लहान नाही. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षासंस्थेने ‘फायरबॉल’ नावाच्या अपहरणकर्त्या आज्ञावलीची माहिती प्रसिद्ध केली. बीजिंगमधील राफोटेक या जाहिरातसंस्थेशी तिचा संबंध जोडण्यात आला होता. जगातील २५ कोटी संगणकांना तिची बाधा झाली असून त्यांतील सुमारे अडीच कोटी एकट्या भारतात आहेत, असा त्या संस्थेचा अंदाज होता. हा आकडा फुगलेला आहे असे मायक्रोसॉफ्टने लगेच सांगितले. तरी तिच्या स्वतःच्या मोजणीतही बाधित संगणक लाखांच्या संख्येत भरले. पुढे २०२० साली ‘अ‍ॅड्रोझेक’ आली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती दररोज तीस हजारांहून अधिक संगणकांवर आढळत होती, आणि तिचा जोर युरोपाबरोबर दक्षिण व आग्नेय आशियात होता. ती जाहिराती घुसवीच. शिवाय फायरफॉक्स ब्राउझरमध्ये साठवलेले संकेतशब्दही चोरी. म्हणजे जो पाटी फिरवतो, तो उद्या खिशातही हात घालतो. बँकेचा साहाय्यक्रमांक शोधणाऱ्या निवृत्त कामगारासमोर पहिल्याच ओळीत भामट्याचा क्रमांक आला, तर आयुष्यभराची पुंजी एका दूरध्वनीत जाऊ शकते. घरच्या संगणकाची ही स्वच्छता म्हणूनच हौसेची बाब नव्हे.

आता हा घुसखोर घरात येतो कसा? बहुतेक वेळा तो दार फोडीत नाही. त्याला दार उघडून दिले जाते. एखादे गाणे उतरवून घेण्याची, चित्रफितीचे रूपांतर करण्याची किंवा कागदपत्रे वाचण्याची फुकट आज्ञावली कोणी तरी घेतो. ती बसवताना एकामागून एक चौकटी येतात. त्यांतील एका चौकटीत बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की हिच्याबरोबर आणखी दोन आज्ञावल्या बसतील आणि शोधपान बदलेल. होकाराची खूण आधीच केलेली असते. घाईचे बोट ‘पुढे, पुढे’ दाबीत जाते, आणि घुसखोर यजमानाच्या संमतीनेच आत येतो.

एकदा आत आला की तो एका जागी राहत नाही. ब्राउझरमध्ये, संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञावल्यांत, ठरावीक वेळी होणाऱ्या कामांच्या यादीत आणि पडद्यावरील चिन्हांतही तो आपले पाय रोवतो. एक पाय उपटला की दुसरा तो पुन्हा रोवून देतो. २००३च्या सुमारास ‘कूलवेबसर्च’ नावाच्या अपहरणकर्त्याने लोकांना असेच जेरीस आणले होते. तेव्हा नेदरलँड्समधील मेरिन बेलेकोम या विद्यार्थ्याने ‘हायजॅकधिस’ नावाचे एक साधन तयार केले. ते चांगले काय व वाईट काय याचा निवाडा करीत नसे. घुसखोर जेथे दडू शकतो त्या जागांची फक्त यादी पुढे ठेवी. आज ते साधन मागे पडले असले, तरी त्यामागील विचार शिळा झालेला नाही: आधी सगळ्या जागा पाहाव्यात, मग हात घालावा.

तेव्हा पहिले पाऊल पुरवठा तोडण्याचे. वायफाय बंद करावे किंवा तार काढावी, आणि संगणक स्वच्छ होईपर्यंत त्यावरून बँकेचा व्यवहार करू नये. महत्त्वाची कागदपत्रे व छायाचित्रे वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवावीत. आज्ञावल्या मात्र उतरवू नयेत, कारण रोग त्यांतच असू शकतो. सर्वांत मोठी दक्षता ही, की बाधित ब्राउझरमध्ये या रोगाचे औषध शोधू नये. चोरालाच वैद्याचा पत्ता विचारल्यासारखे ते होईल. संगणक साफ करून देतो म्हणणारी बनावट साधने तो पुढे करील. लागेल ते साधन दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून, मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच आणावे.

दुसरे पाऊल शोधाचे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये बसवलेल्या आज्ञावल्यांची यादी असते. ती तारखेप्रमाणे लावावी आणि उपद्रव सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय काय आले ते पाहावे. अनोळखी नाव दिसले तर ते संगणकनिर्मात्याचे तर नाही ना, याची खात्री करून मगच काढावे. सहज निघत नसेल, तर संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा, त्या अवस्थेत मोजक्याच आज्ञावल्या जाग्या असतात. मग टास्क मॅनेजरमधील आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावल्या आणि टास्क शेड्युलरमधील कामे तपासावीत. ब्राउझरच्या चिन्हाचे गुणधर्म उघडून त्याच्या पत्त्यामागे एखाद्या संकेतस्थळाचे नाव चिकटवलेले नाही ना, तेही पाहावे.

तिसरे पाऊल ब्राउझरमधील सफाईचे. न ओळखता येणारी एक्स्टेन्शन्स काढावीत, मुखपृष्ठ व शोधयंत्र पूर्ववत करावे, परक्या संकेतस्थळांना सूचना पाठवण्याची दिलेली परवानगी रद्द करावी आणि शेवटी ब्राउझर मूळ स्थितीत आणण्याची सोय वापरावी. घरचा संगणक असूनही ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे’ असा मजकूर दिसला, तर कोणी तरी कार्यालयीन नियमांचा आडोसा घेतला आहे असा संशय घ्यावा. येथे एक गोष्ट हमखास विसरते. ब्राउझर खात्याशी जोडलेला असेल, तर काढलेले एक्स्टेन्शन खात्यातून परत येऊ शकते. म्हणून आधी ही जुळणी थांबवावी आणि त्याच खात्याचे घरातील इतर संगणकही तपासावेत.

त्यानंतर जाळ्याची पाहणी. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकांतील पत्ता सांगणारी डीएनएस नावाची व्यवस्था असते; तीच बदलली तर ब्राउझर कितीही धुतला तरी वाट चुकतेच. ‘डीएनएस चेंजर’ने हेच केले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियातील टोळी पकडली गेली, तेव्हा शंभराहून अधिक देशांतील सुमारे चाळीस लाख संगणक तिच्या कह्यात होते. टोळीची पत्तेयंत्रणा एकदम बंद केली असती, तर त्या सर्वांचे इंटरनेट एका क्षणात थांबले असते. म्हणून ९ जुलै २०१२ पर्यंत तिच्या जागी शुद्ध यंत्रणा चालवावी लागली. यास्तव प्रॉक्सीची व डीएनएसची मांडणी आणि घरातील राउटरचा संकेतशब्द तपासणे आवश्यक आहे.

आता विषाणुरोधक आज्ञावलीने संपूर्ण तपासणी करावी. विंडोजमधील डिफेंडरची ‘ऑफलाइन’ तपासणी विंडोज जागे होण्यापूर्वीच चालते, त्यामुळे दडलेल्या घुसखोराला पळवाट राहत नाही. भारत सरकारच्या सर्ट-इन संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले आणि त्याद्वारे सफाईची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली. या कामी साहाय्य करणाऱ्या कंपन्यांत पुण्याची क्विक हीलही आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर गणकयंत्रे दुरुस्त करीत करीत या व्यवसायात आले आणि धाकटे बंधू संजय यांनी लिहिलेल्या विषाणुरोधकातून ती कंपनी उभी राहिली. दुरुस्तीच्या टेबलावर आलेला रोगीच वैद्याला शिकवतो, याचे हे मराठी उदाहरण म्हणता येईल.

शेवटचे पाऊल चाचणीचे. संगणक दोनदा बंद करून सुरू करावा आणि दोन-तीन दिवस निरीक्षण करावे. उपद्रव परतला, तर एखादा पाय अजून रोवलेला आहे असे समजून पुन्हा पहिल्यापासून पाहावे. तरीही न जमल्यास विंडोज नव्याने बसवणे हाच खात्रीचा उपाय. संकेतशब्द स्वच्छ संगणकावरूनच बदलावेत, आणि पैसा गेला असेल तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

कारखान्यात दुरुस्तीनंतर एक प्रश्न विचारला जातो: हा बिघाड पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे? घरच्या संगणकाबाबत त्याचे उत्तर कोणत्याही आज्ञावलीत नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोण भरतो हे विचारण्याची सवय आणि बारीक अक्षरे वाचण्याइतका धीर, एवढेच त्याचे उत्तर आहे. घुसखोर संमतीच्या दाराने येतो. ते दार राखणे घरच्या माणसांच्याच हाती असते.