जालन्याचे संकरित बियाणे

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली, आणि ज्या मुलखातील रयत पिढ्यान्‌पिढ्या घरच्याच कणगीतले बी राखून पेरीत आली होती, ती हळूहळू दरसाल बाजारातून बी खरीदू लागली. कारण संकरित पिकाचे दाणे पुन्हा पेरले असता गुणांची फाटाफूट होऊन उत्पन्न घटते. धान्य वाढले, हे निर्विवाद, आणि त्या काळी देशाला त्याची निकडही होती. परंतु संकरित ज्वारीच्या बुटक्या ताटाचा कडबा कमी भरे, लवकर पक्व होणारे कणीस पावसात सापडून दाणा काळा पडे. बैलांच्या वैरणीचा हा तोटा मला लहान वाटत नाही.

२००२ साली, अळीस मारक विष स्वतःच तयार करणाऱ्या संकरित बीटी कापसास परवानगी मिळाली आणि आरंभी फवारण्या घटल्या. पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषास दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात मिटल्या पाकळ्यांची डोमकळी उघडावी तो आत अळी दिसे. कोरडवाहू शेतकऱ्याचा बी-खताचा खर्च बहुधा कर्जाऊ असतो, म्हणून फरदडीचा, म्हणजे वेचणीनंतरही पीक पुढे राखण्याचा, मोह टाळून पऱ्हाट्या वेळीच उपटणे हा अळीची साखळी तोडणारा कमी खर्चाचा उपाय त्याच्यापर्यंत पोहोचविणे अत्यंत अगत्याचे आहे.