भरधाव गाडीचा वेग कॅमेऱ्याला कळतो कसा?

श्रोतेहो, बदनापूर-अंबडकडची मोसंबी पिकअपमध्ये भरायची, जालन्याजवळ समृद्धी महामार्गावर चढायचे आणि मुंबईची वाट धरायची, हे आता आपल्या जिल्ह्यात नित्याचे झाले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून नागपूर ते ठाणे जिल्ह्यातले आमणे असा सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता वाहता झाला. रस्ता सरळ, मध्ये ना गाव ना चौक. पाय आपोआप दाबला जातो. मग काही दिवसांनी मालकाच्या फोनवर दंडाचे चलन येते आणि ड्रायव्हर म्हणतो, “मालक, शेजारून मोटारी माझ्यापेक्षा जोरात जात होत्या. मलाच बरे धरले!”

याचे उत्तर आधीच सांगून टाकतो. त्या रस्त्यावर सपाट भागात मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, पण मालवाहू गाडीला ८० चीच. पिकअप दिसायला लहान असली तरी कायद्याने ती मालवाहूच. तेव्हा १०० ने जाणारी पिकअप दोषी आणि ११५ ने जाणारी मोटार निर्दोष, असे होऊ शकते. हा कॅमेऱ्याचा पक्षपात नव्हे.

पण कॅमेऱ्याला १०० कळले कसे? फोटो तर स्थिर असतो. फोटोत गाडी उभी आहे की पळते आहे हेसुद्धा धड सांगता येत नाही. खरी गोष्ट अशी की कॅमेरा वेग मोजतच नाही. वेग मोजणारे यंत्र निराळे असते, कॅमेरा फक्त साक्षीदार.

हे मोजण्याचे काम रडार कसे करते ते समजायला बदनापूरच्या स्टेशनावर जावे. न थांबणारी एक्सप्रेस शिट्टी देत येते तेव्हा शिट्टीचा सूर चढा असतो आणि इंजिन आपल्यासमोरून पुढे गेले की तोच सूर एकदम उतरतो. ड्रायव्हरने शिट्टी बदललेली नसते. इंजिन आपल्याकडे धावत असताना आवाजाच्या लहरी दाटीने येतात, दूर जाताना त्या विरळ होतात. ख्रिश्चन डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली हे तत्त्व मांडले. तीनच वर्षांनी हॉलंडमध्ये आगगाडीवर तुतारीवाले बसवून आणि रुळाशेजारी सुरांची जाण असलेले वादक उभे करून त्याची परीक्षा झाली. विज्ञानाचा असा सुरेल प्रयोग क्वचितच झाला असेल!

रडार आवाजाऐवजी रेडिओच्या लहरी सोडते. पुष्कळशा यंत्रांत त्या सेकंदाला सुमारे २४०० कोटी असतात. गाडीच्या पत्र्यावर आपटून त्या परत येतात. गाडी समोरून ८० ने येत असेल तर परतणाऱ्या लहरी सेकंदाला सुमारे साडेतीन हजारांनी वाढतात, १२० ने येत असेल तर सुमारे ५३०० नी. आता २४०० कोटींत साडेतीन हजार म्हणजे राईएवढा फरक. तो कसा सापडतो? भजनात दोन तंबोरे जवळजवळ एका सुरात लागले, पण किंचित फरक राहिला, तर आवाज हेलकावे खातो. जेवढा फरक तेवढे हेलकावे. रडारही गेलेली लहर आणि आलेली लहर एकत्र करते आणि हेलकावे मोजते. बाकी सगळे त्रैराशिक.

यात एक मेख आहे. यंत्र रस्त्याच्या कडेला असते, त्यामुळे ते गाडीकडे तिरके पाहते. तिरक्या नजरेला वेग खऱ्यापेक्षा कमीच दिसतो. म्हणून खांबावर पक्के बसवलेल्या यंत्रात तो कोन आधी हिशेबात धरतात. कोन चुकीचा धरला तर आकडाही चुकेल, यासाठी यंत्राची वेळोवेळी तपासणी लागते.

पोलिसांच्या गाडीत जी स्पीडगन असते तिची रीत वेगळी. रडारचा झोत कंदिलाच्या उजेडासारखा पसरतो, लेसरचा झोत बारीक असतो, म्हणून शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोन गाड्यांतून नेमकी एक निवडता येते. ती प्रकाशाचे ठोके मारते. ३०० मीटरवरच्या गाडीला लागून ठोका परत यायला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी फक्त २ भाग लागतात. त्या वेळावरून अंतर कळते. पुढचा ठोका, पुन्हा अंतर. ताशी ८० ची गाडी सेकंदात २२ मीटर पुढे सरकते, म्हणून अंतर किती भराभर घटते यावरून वेग निघतो.

कॅमेऱ्याजवळ ब्रेक मारायचा आणि पुढे पुन्हा पळवायची, ही युक्ती ड्रायव्हर मंडळींना ठाऊक आहे. एकट्या यंत्रापुढे ती चालतेही. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कमानींवर बसवलेल्या कॅमेऱ्यांची व्यवस्था सरासरी वेगही काढते. तिथे ना रडार लागते ना लेसर. पहिल्या कमानीखाली नंबर आणि वेळ टिपली, दुसऱ्या कमानीखाली पुन्हा टिपली, आणि मधले अंतर तर ठाऊकच. समजा १० किलोमीटर अंतर गाडीने ६ मिनिटांत तोडले, तर सरासरी १०० झाली. मध्ये चहाला थांबला असाल तर तो तुमचा फायदा! शिक्षक बंधुभगिनींनी काळ-काम-वेगाच्या तासाला हे उदाहरण जरूर घालावे. ८० च्या मर्यादेत तेच अंतर तोडायला किमान साडेसात मिनिटे लागतात. म्हणजे सगळी धावपळ दीड मिनिटासाठी.

आणि त्या दीड मिनिटाची किंमत? धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर ८० ला गाडी २२ मीटर जाते, १०० ला २८. त्यानंतर ब्रेक लागल्यावरचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. वेग सव्वापट, तर हे अंतर दीडपटीहून जास्त.

वेग जास्त भरला की यंत्र कॅमेऱ्याला इशारा देते. काचेची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडली, तर १०० ने धावणारी गाडीही तेवढ्यात तीन सेंटिमीटरच सरकते, म्हणून नंबर पुसट होत नाही. रात्री डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतात. कंदिलाच्या उजेडात बैलाचे डोळे जसे चमकून उठतात, तशी नंबराची पाटी तो प्रकाश आल्या दिशेने परत फेकते. मग संगणक एकेक अक्षर वाचतो. पाटीवर हौसेने मराठी आकडे किंवा ‘दादा’सारखी वळणे काढलेली असली तर तो अडखळतो. शिवाय तशी पाटी नियमातही बसत नाही.

अडखळणे हे चुकीचे मूळ होऊ शकते. चिखलाने माखलेला ३ आणि ८ यांत घोटाळा झाला, तर दुसऱ्याच्या गाडीचे चलन आपल्याकडे यायचे. म्हणून चलन आले की घाबरूनही जाऊ नये आणि तसेच पडूही देऊ नये. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे चलनासोबत नंबर दिसेल असा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण असायला हवे. फोटो मोठा करून पाहा. गाडी आपलीच आहे का? एमएच २१ पुढचा प्रत्येक आकडा जुळतो का? त्या वेळी गाडी त्या ठिकाणी होती का? जुळत नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. ज्यांना ते जमत नसेल त्यांनी गावातल्या एखाद्या शिकल्यासवरल्या मुलाला हाताशी धरावे आणि गाडीची कागदपत्रे व त्या दिवशीची टोलची नोंद सोबत ठेवावी.