ब्रेस्ट पॅडची निवड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंगावर पाजणाऱ्या आईचे गळणारे दूध कपड्यांवर येण्याआधी टिपून घेण्यासाठी ब्रेसियरच्या आत ठेवायची शोषक चकती म्हणजे ब्रेस्ट पॅड. तो दोन प्रकारचा मिळतो : एकदा वापरून टाकायचा (टाकाऊ) आणि धुऊन पुन्हा वापरायचा. प्रत्येक बाळंतिणीला तो लागतोच असे नाही. काहींचे दूध कधीच गळत नाही, काहींचे महिनोन्महिने गळते.

या फरकावरून दुधाचे माप काढणे हा सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज. बाळ चोखू लागले, रडले किंवा नुसती त्याची आठवण आली, तरी आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते, दुग्धग्रंथींभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि पान्हा फुटतो. ऑक्सिटोसिन रक्तातून पोहोचत असल्याने दोन्ही स्तनांत एकदमच पान्हा येतो. म्हणून बाळ एका बाजूला पीत असताना दुसरी बाजू ओली होते. सुरुवातीच्या आठवड्यांनंतर दुधाची निर्मिती बाळाच्या मागणीशी जुळते आणि बहुतेकींची गळती कमी होते. नेमके तेव्हाच घरात ‘दूध आटले’ अशी चर्चा सुरू होऊन वरच्या दुधाची बाटली येते. बाळाला दूध पुरते की नाही हे त्याच्या वाढत्या वजनावरून आणि लघवीवरून कळते. जन्मानंतरचे पाच-सहा दिवस उलटल्यावर दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे हे पुरेसे दूध मिळत असल्याचे लक्षण. पॅड किती भिजला याचा त्याच्याशी संबंध नाही. पॅड दूध ‘ओढून घेतो’ हेही खरे नाही. तो फक्त बाहेर आलेले टिपतो.

दुसरा गैरसमज कापडाचा, आणि भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात तो समजून घेण्यासारखा आहे. कापड जितके नवे तितके स्वच्छ आणि चांगले, असे मानून मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या घड्या पॅड म्हणून वापरल्या, तर त्या दूध टिपत नाहीत. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून सायझिंग या प्रक्रियेत त्यांना खळ चढवलेली असते. शिवाय कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. दोन्ही निघेपर्यंत पाण्याचा थेंब कापडावर मण्यासारखा बसून राहतो. अशा कोऱ्या, म्हणजे ग्रे कापडाला मागावरचे तेल आणि धूळही लागलेली असते. म्हणून कोरे सुती कापड साबणाच्या गरम पाण्यात तीन-चार वेळा धुऊनच वापरावे. विकतचे सुती पॅडही पहिल्या काही धुण्यांनंतरच नीट शोषू लागतात. पहिल्या दिवशी गळाले म्हणून ते फेकून देण्यात अर्थ नाही. या कसोटीवर वर्षानुवर्षे धुतलेले धोतर किंवा सुती साडी कोऱ्या तुकड्यापेक्षा सरस ठरते. तळहाताएवढे गोल कापून चार-पाच पदर शिवले की पॅड तयार होतो. कारखान्यातल्या चिंध्या मात्र यासाठी घेऊ नयेत. त्यांत रंग, तेल आणि कसलेही मिश्रण असू शकते.

भिवंडीत सुतीबरोबरच पॉलिस्टर आणि मिश्र धाग्याचे कापडही विणले जाते, आणि हाताला मऊ लागले म्हणजे ते सुतीच, असे नसते. हवेतला ओलावा सुती तंतू आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. तरीही पॉलिस्टर सर्वस्वी टाकाऊ नाही. चांगल्या पॅडमध्ये त्याचा पातळ थर त्वचेच्या बाजूला असतो. तो ओल आतल्या शोषक थराकडे सोडतो आणि स्वतः लवकर कोरडा होतो. आतही तेच असेल, तर अडचण येते.

‘बांबूचा पॅड जंतुनाशक’ ही जाहिरात सावधपणे वाचावी. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला तंतू म्हणजे व्हिस्कोस. तो मऊ असतो, शोषकही असतो, पण बांबूचे गुण त्यात उरतात याला आधार नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये अशाच दाव्यांवरून काही कंपन्यांवर कारवाई केली होती.

मासिक पाळीचा नॅपकिन कापून ब्रेसियरमध्ये ठेवण्याचा उपाय अनेक घरांत होतो. अनेक नॅपकिनमध्ये आणि टाकाऊ ब्रेस्ट पॅडमध्ये पाणी शोषून फुगणारे जेल असते. पॅड अखंड असेपर्यंत ते आत राहते, कापले की बाहेर येऊन स्तनाग्राला आणि तेथून बाळाच्या तोंडाला लागू शकते. काटकसर करायची तर धुतलेल्या सुती कापडाची घडी त्याहून बरी.

प्लास्टिकचे अस्तर असलेला पॅड ‘गळतच नाही’, म्हणून तो उत्तम मानला जातो. बाहेर जाताना तो सोयीचा आहे, पण जूनपासूनच्या दमट महिन्यांत दिवसभर लावून ठेवला तर आतली ओल कोंडते. सतत ओली राहिलेली त्वचा फुगते, चिरते आणि बुरशीच्या संसर्गाला सहज बळी पडते. दोष पॅडचा नसतो, तो न बदलण्याचा असतो. ओला लागला की बदलावा, मग तासच झालेला असो. पाजल्यावर स्तनाग्रे थोडा वेळ मोकळी ठेवावीत. प्रत्येक वेळी साबणाने किंवा जंतुनाशकाने धुण्याची गरज नाही. त्याने स्तनाग्राभोवतीच्या गडद भागावरील (एरिओलावरील) ग्रंथींचा नैसर्गिक तेलकटपणा जातो आणि चिरा वाढतात. पॅड चिकटला तर ओढू नये, कोमट पाण्याने भिजवून सोडवावा. घट्ट ब्रेसियरमध्ये जाड पॅड दाबून बसवल्यानेही दुधाच्या गाठी होऊ शकतात.

धुण्याचा क्रमही उलटा केला जातो. आधी गार पाण्यात पॅडमधले दूध काढावे. थेट गरम पाण्यात टाकल्यास दुधातले प्रथिन तंतूत बसते व वास राहतो. त्यानंतर गरम पाणी आणि साबण. फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा, त्याच्या थराने शोषकता घटते. पावसाळ्यात चाळीच्या खोलीत आठ-दहा जोड्यांशिवाय भागत नाही. अर्धवट सुकलेल्या सुती पॅडवर इस्त्री फिरवून ओल घालवता येते. आत प्लास्टिकचा थर असेल तर इस्त्री चालत नाही. त्यामुळे सतत पावसाच्या आठवड्यात टाकाऊ पॅड वापरणे यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या किंवा गोदामात उभ्याने काम करणाऱ्या आईला लांब पाळीत स्तन भरून येतात व गळती वाढते. येथे जाड पॅड हा अर्धाच उपाय. मधल्या सुट्टीत दूध काढल्याने स्तन मोकळे होतात आणि निर्मितीही टिकते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या दिल्या, पण लहान कारखान्यांतील बायकांपर्यंत त्या पोहोचणे दुर्मीळ. माग चालणाऱ्या ठिकाणी जादा पॅड झाकलेल्या डब्यात ठेवावेत. हवेतली तूस ओल्या कापडाला लगेच चिकटते.

पॅडवर दिसणारी प्रत्येक गोष्ट नेहमीची नसते. पहिल्या दिवसांत तपकिरी छटा येऊन जाऊ शकते. एकाच बाजूने रक्त येत राहणे, पू, ताप, लाल व गरम झालेला स्तन, किंवा पाजताना खोल जळजळ असल्यास डॉक्टरांना दाखवावे. स्तनाला सूज आली म्हणून पाजणे थांबवण्याची समजूतही चुकीची. तुंबलेले दूध दुखणे वाढवते.

वापरलेला टाकाऊ पॅड कागदात गुंडाळून सॅनिटरी कचऱ्यात द्यावा. संडासात टाकलेले जेल फुगते आणि नळी तुंबवते.