सबळ कारण कोणते?

निवडणूक जाहीर झाली की राज्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे सोलापुरातही एक हुकूम निघतो. परवान्याची शस्त्रे बाळगणाऱ्यांची यादी छाननी समितीपुढे येते, आणि समिती ज्यांची नावे निश्चित करील त्यांनी आपली पिस्तुले, रिव्हॉल्व्हर व बंदुका पोलीस ठाण्यात जमा करावयाच्या असतात. २०२४ साली हा प्रसंग दोनदा आला. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, सोलापूरचे मतदान ७ मे रोजी झाले आणि निकाल ४ जूनला लागला. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली व निकाल २३ नोव्हेंबरला बाहेर आला. म्हणजे एका वर्षात जवळजवळ चार महिने पुष्कळ परवानाधारकांची शस्त्रे ठाण्याच्या कपाटात पडून होती. त्यामुळे त्यांच्यापैकी कोणाच्या प्राणावर बेतले असे आमच्या तरी ऐकिवात नाही. निकाल लागले, गुलाल उधळला गेला आणि शस्त्रे मुकाट्याने ज्याच्या त्याच्या घरी परत गेली.

या नित्याच्या व्यवहारात एक विलक्षण विसंगती दडलेली आहे, आणि तिकडे कोणाचे लक्ष जाऊ नये याचे आम्हांस नवल वाटते. छाननी समिती सरसकट सर्वांची शस्त्रे काढून घेत नाही. बँकांचे रखवालदार व स्पर्धांत भाग घेणारे नेमबाज यांना ती सूट देते. तिची दृष्टी असते ती मुख्यतः जामिनावर सुटलेल्यांवर, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेल्यांवर आणि पूर्वी दंग्याधोप्यांत, विशेषतः निवडणुकीच्या दंग्यांत, ज्यांची नावे आली अशांवर. हे योग्यच आहे. परंतु जो मनुष्य मतदानाच्या काळात शस्त्र बाळगण्यास अपात्र ठरतो, तो निकालानंतर एकाएकी पात्र कसा होतो? ज्याच्या कमरेचे पिस्तूल एप्रिलमध्ये सार्वजनिक शांततेस धोकादायक वाटते, त्याचेच पिस्तूल जुलैमध्ये निरुपद्रवी कसे ठरते? मतपेटीचे रक्षण व्हावे आणि मतदाराचे मात्र होऊ नये, असा तर या व्यवस्थेचा अर्थ नव्हे ना?

नागरिकांच्या हाती पिस्तूल असावे की नसावे, यावर आपल्याकडे अधूनमधून वाद झडतो. एक पक्ष म्हणतो, परवाने साफ बंद करा. दुसरा म्हणतो, गुंडाजवळ कट्टा असताना सज्जनाने निःशस्त्र का राहावे? आमच्या मते हा वाद मूळ मुद्द्याला बगल देणारा आहे. कायद्याने आपले उत्तर केव्हाच दिलेले आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात एक मार्मिक भेद केलेला आहे. संरक्षणासाठी किंवा शिकारीसारख्या खेळासाठी निदान वीस इंच नळीची साधी बंदूक, अथवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास, तो अन्यथा अपात्र नसेल तर, परवाना द्यावा असा कायद्याचा रोख आहे. इतर शस्त्रांच्या बाबतीत, अर्थात् पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांच्या बाबतीत, अर्जदारापाशी सबळ कारण आहे अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. रानडुकरांपासून शेत राखणाऱ्या शेतकऱ्याची लांब बंदूक लपत नाही. ती घेऊन कोणी बाजारात हिंडत नाही. पिस्तूल सदऱ्याखाली लपते आणि रागाच्या एका क्षणात बाहेर येते. म्हणूनच कायद्याने त्यासाठी कारण मागितले.

हे सबळ कारण आज काय होऊन बसले आहे? कोणी ठेकेदार झाला, कोणी एखाद्या मंडळाचा अध्यक्ष झाला, कोणाच्या दाराशी दोन मोटारी उभ्या राहिल्या, की त्यास पिस्तुलाची आवश्यकता भासू लागते. पूर्वी गावात मान मिळाला म्हणजे माणूस फेटा बांधी. हल्ली तो कमरेस पट्टा लावतो. वरातीत हवेत बार काढावेत, त्याची चित्रफीत करून जगास दाखवावी, आणि गल्लीतील पोरांनी ती डोळे विस्फारून पाहावी! मुळात जे आत्मरक्षणाचे साधन, ते प्रतिष्ठेचा दागिना झाले. आणि दागिना हा दाखविण्यासाठीच असतो.

याची फळे महाराष्ट्राने २०२४ च्या एका फेब्रुवारीत चाखली. २ फेब्रुवारीस उल्हासनगर येथे पोलीस ठाण्यातच, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, एका विद्यमान आमदाराने राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप झाला. त्या आरोपाचा निर्णय न्यायालय देईल; परंतु पोलीस ठाण्याच्या चार भिंतींतही पिस्तूल बाहेर यावे, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. पुढे सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारीस, दहिसर भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपण चालू असतानाच हत्या झाली, आणि मारेकऱ्याने स्वतःचाही अंत करून घेतला. पोलीस तपासात असे निष्पन्न झाले की, ते पिस्तूल मारेकऱ्याचे नव्हते. ते त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते. परवाना एकाच्या नावे, हत्यार दुसऱ्याच्या हाती! ज्याची चौकशी झाली त्याने गोळी झाडली नाही आणि ज्याने झाडली त्याची चौकशीच झाली नव्हती.

त्याच वर्षीच्या ९ डिसेंबरला बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून निर्घृण खून करण्यात आला. त्या खुनात पिस्तूल चालले नव्हते. परंतु त्यानंतर उसळलेल्या क्षोभात त्या जिल्ह्यातील दहशतीची जी झाडाझडती सुरू झाली, तीत बाराशेंहून अधिक शस्त्रपरवान्यांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. फेरतपासणी झाली आणि पुष्कळ परवाने रद्द करण्यात आले. जिल्हा प्रशासनाने हे केले याबद्दल आम्ही त्यास धन्यवाद देऊ. पण जे परवाने एका खुनानंतर काही महिन्यांत रद्द होण्याजोगे ठरले, ते मुळात दिले कोणी आणि पुनःपुन्हा वाढवून दिले कोणी, हा प्रश्न शिल्लक राहतोच. सोलापूर बीडपासून दूर नाही. शेजाऱ्याच्या घरास आग लागली असता आपल्या घराचे छप्पर तपासून पाहणे हे शहाणपणाचे लक्षण होय.

यावर एक आक्षेप असा येईल, आणि तो क्षुल्लक नाही, की निःशस्त्र प्रजा ही गुलाम प्रजा असते. सोलापूरकरांस हे कोणी शिकवावयास नको. १९३० च्या मे महिन्यात या शहरावर लष्करी कायदा लादण्यात आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यास फाशी देण्यात आले. परक्या सरकारने १८७८ साली केलेला शस्त्रांचा कायदा देशी माणसास परवान्यावाचून हत्यार बाळगू देत नसे आणि युरोपियनांस मात्र त्यातून मोकळीक देत असे. त्या अपमानाची चीड राष्ट्रीय चळवळीत अखेरपर्यंत होती. हुतात्म्यांच्या फाशीनंतर तीन महिन्यांच्या आतच, १९३१ च्या मार्चमध्ये, कराचीच्या काँग्रेसने नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता. मात्र तो नियमांच्या व मर्यादांच्या अधीन राहून.

पुढे स्वराज्य आले आणि हा प्रश्न डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीपुढे उभा राहिला. हरि विष्णु कामत यांनी कराचीच्या ठरावाचे स्मरण देऊन हा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. शस्त्र धारण करण्याच्या व्यक्तीच्या हक्कापेक्षा राष्ट्रावर प्रसंग आला असता शस्त्र हाती घेण्याचे तिचे कर्तव्य त्यांस अधिक महत्त्वाचे वाटत होते. दुरुस्ती नामंजूर झाली. आज आपल्या घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात नागरिकांच्या स्वातंत्र्यांची जी गणना आहे, तीत शस्त्रांचा उल्लेख येतो तो शांततेने व शस्त्रांवाचून एकत्र जमण्याच्या हक्काच्या संदर्भात. स्वतंत्र भारताने शस्त्राला नव्हे, तर निःशस्त्र जमावाला हक्काचे संरक्षण दिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची स्वतः होऊन दखल घेताना सर्वोच्च न्यायालयानेही, अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे हा मूलभूत हक्क नाही, याचे स्मरण करून दिले. १८७८ च्या कायद्याचा दोष त्याने निर्बंध घातले एवढाच नव्हता; त्याने माणसामाणसांत भेद केला, हा त्याचा मोठा दोष होता. मग आज वजनदार माणसाचा अर्ज झटकन मंजूर व्हावा आणि खरोखर धमक्या आलेल्या सामान्य व्यापाऱ्याने हेलपाटे घालावेत, हा त्याच भेदाचा नवा अवतार नव्हे काय?

जगाचा अनुभवही पाहावा. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या शाळेत एकाने सोळा बालके व त्यांची शिक्षिका यांना गोळ्या घातल्या. त्याच्याजवळची पिस्तुले व रिव्हॉल्व्हर परवान्याची होती. ब्रिटनने पुढच्याच वर्षी कायदे करून नागरिकांच्या हातगुती शस्त्रांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. उलटपक्षी अमेरिकेत २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने आत्मरक्षणार्थ घरात पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा घटनादत्त हक्क ठरविला. त्या देशात २०२० ते २०२३ या काळात दरवर्षी ४५ हजारांहून अधिक माणसे बंदुकीच्या गोळीने मृत्यू पावली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. हा शेवटचा आकडा आपल्या मध्यमवर्गाने विशेष मनन करण्यासारखा आहे. चोराच्या भीतीने घरात आणलेले शस्त्र बहुधा चोराची वाट पाहत नाही. ते घरच्याच माणसाच्या एखाद्या काळ्याकुट्ट रात्री त्याच्या हाताशी सापडते. सोलापूर शहराने २०२५ साली असा शोक अनुभवला आहे. त्याचा तपशील उगाळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पण विषण्ण मनःस्थितीतील माणसाच्या आप्तांनी घरातील शस्त्र प्रथम दूर करावे, एवढे सांगणे आमचे कर्तव्य आहे. कायद्याप्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेव म्हणून सोपविता येते. त्यात कमीपणा काहीच नाही.

गावठी कट्ट्याचे काय, असे कोणी विचारील. त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सरहद्दीवरील उमर्टीसारख्या गावांतून महाराष्ट्रात येणारा चोरटा माल ही पोलिसांना अपरिचित गोष्ट नाही. नुसता कट्टा पकडून भागणार नाही. तो कोणी घडविला व कोणी पोहोचविला येथवर तपास गेला पाहिजे. परंतु बेकायदा हत्यारे आहेत म्हणून कायदेशीर हत्यारे खिरापतीसारखी वाटावीत, हा युक्तिवाद विहिरीत पाणी गढूळ आहे म्हणून आडातही चिखल टाकण्यासारखा आहे.

तेव्हा करावे काय? नवा कायदा हवा असे आम्ही म्हणत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तिनावरून दोनावर आली आणि बेदरकार गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठरल्या. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, म्हणजे फेरतपासणीची संधी लांबली. म्हणूनच ही संधी वाया जाऊ नये. शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी हे परवाने देणारे अधिकारी आहेत. त्यांच्याकडे आमची मागणी चार गोष्टींची आहे. पहिली, नूतनीकरणाच्या वेळी धोका अद्याप आहे काय हे नव्याने तपासावे. नुसता शिक्का मारू नये. दुसरी, निवडणुकीत ज्यांची शस्त्रे गुन्हेगारी पूर्वेतिहासामुळे जमा करून घेतली, त्यांच्या परवान्यांची सतराव्या कलमाखाली त्याच वेळी चौकशी सुरू करावी आणि तिचा निकाल लागल्यावाचून शस्त्र परत देऊ नये. तिसरी, वरातीत, मिरवणुकीत वा चित्रफितीत शस्त्र मिरविणाऱ्याचा परवाना, तो कोणत्याही पक्षाचा असो, विनाविलंब निलंबित करावा. आणि खासगी अंगरक्षकांची शस्त्रे कोणाच्या ताब्यात असतात हेही पाहावे. चौथी, दरवर्षी किती परवाने दिले, किती नाकारले व किती रद्द केले हे आकडे जाहीर करावेत. नावे देऊ नयेत, त्याने खरोखर भयग्रस्त असलेल्यांस अपाय होईल. परंतु आकडे लपविण्याचे कारण नाही.

ज्यास खरोखर धोका आहे त्यास परवाना अवश्य मिळावा. राही सरनोबत यांच्यासारख्या ज्या नेमबाजांनी पिस्तुलाच्या स्पर्धांत महाराष्ट्राचे नाव उज्ज्वल केले, त्यांच्या मार्गात कोणी काटे पेरू नयेत. मात्र या दोहोंपलीकडे जो मोठा वर्ग केवळ वजन दाखविण्यासाठी पिस्तूल बाळगतो, त्याच्यासाठी कायद्याचा तो एकच प्रश्न अधिकाऱ्याने शांतपणे विचारावा: सबळ कारण कोणते? आणि उत्तर समाधानकारक नसेल तर, शिफारसपत्र कोणाचेही असो, अर्जावर नकार लिहिण्याचे धैर्य दाखवावे. पुढची निवडणूक येईल, पुन्हा यादी निघेल, पुन्हा शस्त्रे जमा होतील. या खेपेस त्यांतील किती परत द्यावयाची, याचा विचार मात्र आजच झाला पाहिजे.