तुरुंग लिहिला, पण कादंबरीत नाही

मराठीत तुरुंगाबद्दल लिहिलेले पुष्कळ आहे. तुरुंगावरची कादंबरी मात्र फार थोडी. हिरकणीवाडीहून रोपवेने रायगडावर गेल्यावर पूर्वेला लिंगाण्याचा सुळका दिसतो. मराठेशाहीत लिंगाणा किल्ला कैदखाना म्हणून वापरात होता. हिरकणीचे नाव वाडीने जपले. लिंगाण्याच्या कैद्यांचा शब्द मात्र वाङ्मयात आला नाही.

छळाचे सविस्तर वर्णन मराठीत रुजवले ते वि. दा. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ने (1927). अंदमानातला कोलू, रोजच्या तेलाचे ठरलेले वजन, खड्या बेड्या, जेलर बारी हे सारे त्यात आहे. गळफास लावून घेणारा इंदुभूषण रॉय आणि भ्रमिष्ट झालेला उल्लासकर दत्तही आहेत. तरी ही कथा न मोडलेल्या माणसाने सांगितलेली. मोडलेल्यांना आतून कसे वाटले असेल, हे आत्मचरित्र फारसे सांगू शकत नाही. त्याचा निवेदक टिकून राहिलेला असतो. साने गुरुजींनी तर 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि पुस्तकात तुरुंग येऊच दिला नाही!

अपवाद अनिल बर्वे यांचा. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ ही त्यांची कादंबरी 1970च्या दशकातली. पुढे तिचे नाटकही गाजले. राजमहेंद्रीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहणारा नक्षलवादी वीरभूषण पटनायक आणि कडक जेलर ग्लाड यांची ही झुंज. नायकाचे नाव नागभूषण पटनायक या खऱ्या नेत्याची आठवण देते. नागभूषण यांनाही फाशीची शिक्षा झाली होती, पण ती अमलात आली नाही. ते 1998 पर्यंत जगले. बर्वे यांचा भर दोन माणसांमधल्या ताणावर आहे. सुटकेनंतरच्या आयुष्याचा प्रश्न तिथे उद्भवत नाही.

तो प्रश्न मोरोक्कोच्या लेखकांना टाळता आला नाही. 1971 आणि 1972 च्या फसलेल्या उठावांनंतर 58 लष्करी कैदी ताझमामार्तच्या अंधारकोठड्यांत डांबले गेले. 1991 मध्ये कोठड्या उघडल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक मेलेले होते. ताहर बेन जेलून यांनी एका वाचलेल्या कैद्याच्या साक्षीवरून 2001 साली कादंबरी लिहिली. तिच्यात मारहाणीपेक्षा अंधार, थंडी आणि शेजारच्या कोठडीतले मरण यांनाच जास्त जागा आहे. साक्षीदाराच्या अनुभवावर कादंबरी रचण्याचा हक्क लेखकाला किती, यावरून तिथे वादही झाला.