मागणीपुरती छपाई : मावळचा पट मावळातून

लोणावळ्यानजीक पवना जलाशयाच्या परिसरात लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे किल्ले उभे आहेत. पुरंदरच्या तहान्वये १६६५ मध्ये मोगलांकडे गेलेला लोहगड १६७० मध्ये स्वराज्यात परत आला. सोंगट्या-फाशांच्या पटावर हा इतिहास मुलांच्या सहज ध्यानी राहील. मात्र असा पट एखाद्या शिक्षकाने रचला, तरी तो प्रसिद्ध करताना छपाईचा खर्च आड येतो.

ऑफसेट छपाईत प्रती शंभर काढा वा हजार, प्लेटचा खर्च तेवढाच. म्हणून थोड्या प्रती परवडत नाहीत. डिजिटल छपाईस प्लेट लागत नाही, त्यामुळे मागणी येईल तेवढ्याच प्रती काढता येतात. दर प्रत काहीशी महाग पडते; पण भांडवल अडकत नाही आणि नियमांतील चूक पुढील प्रतीत सुधारता येते.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये पटाचे चित्र व नियमांचा मजकूर यांना संरक्षण आहे, खेळाच्या कल्पनेला नाही. तसेच १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह बंधनकारक आहे. त्याचा खर्च मोजक्या प्रतींवर भारी पडतो. यास्तव खेळ कोणत्या वयासाठी, हे छपाईपूर्वीच ठरविणे हिताचे.